मार्चअखेरचा घरचा ताळेबंद : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मार्च सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत असते : कमाई वाढली, पण शिल्लक काय राहिली ते कळत नाही. यंदा त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांचा हिशोबही तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. हातात येणारा पगार मिळून ९२,००० रुपये. घराचा हप्ता २६,०००, घरखर्च चाळीसेक हजार. एसआयपी ५,००० ची, पीपीएफमध्ये वर्षाला ३०,०००. तरी वर्षाअखेरीस खात्यात काही दिसत नाही. रोजचा खर्च लिहून पाहिला, आठवड्यात बंद पडला. खात्यांचे आकडे सोबत पाठवत आहोत. (नाशिक)

रोजचा खर्च लिहू नका. वर्षाचा खर्च न लिहिताही काढता येतो, आणि तो जास्त खरा निघतो.

घरातल्या सगळ्या बचत खात्यांची १ एप्रिलची शिल्लक एकत्र करा. तुमची १,४०,००० आहे. वर्षभराचा पगार ११,०४,००० आणि बोनस ४६,००० त्यात मिळवा. बेरीज १२,९०,०००. ३१ मार्चची शिल्लक १,१५,००० वजा केली की ११,७५,००० उरतात. एवढे पैसे वर्षात खात्याबाहेर गेले. त्यातून हप्त्यांचे ३,१२,००० आणि गुंतवणुकीचे ९०,००० काढा. राहिले ७,७३,०००. हा तुमचा खरा घरखर्च, महिन्याला ६४,४००. चाळीस हजार नव्हे.

मधले चोवीस हजार कोणी उधळलेले नाहीत. चाळीस हजार म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर किराणा, दूध, वीजबिल, पेट्रोल आणि कामवाल्या मावशींचा पगार असतो. शाळेची फी, विम्याचे हप्ते, गाडीचं सर्व्हिसिंग, घरपट्टी, सोसायटीचा वार्षिक मेंटेनन्स, दिवाळीची खरेदी, लग्नातले आहेर, मे महिन्यातला प्रवास यांतलं काहीच दरमहा येत नाही, म्हणून ते मोजलंच जात नाही. वर्षाचं स्टेटमेंट उघडून ५,००० च्या वरच्या नोंदींवर खूण करत गेलात, तर यातला मोठा भाग तासाभरात सापडेल. उरेल ते यूपीआयचं किरकोळ. त्याचा पाठपुरावा करू नका, एका ओळीत टाका.

या हिशोबात चुका होतात त्या ठरलेल्या जागी. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकलेले पैसे जमा आणि खर्च दोन्हीकडे धरले जातात. मोडलेली मुदत ठेव किंवा विकलेले फंडाचे युनिट उत्पन्न म्हणून लिहिले जातात. क्रेडिट कार्डावर मार्चमध्ये केलेल्या खरेदीचं बिल एप्रिलमध्ये येतं, ती रक्कम खर्चात धरायची राहते. मित्राने परत केलेले उसने पैसेही उत्पन्न नसतात. बेरीज फारच विचित्र आली, तर आधी या चार ठिकाणी बघा.

आता बचत. गुंतवणूक ९०,०००. गृहकर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल हीसुद्धा बचतच, पण फक्त मुद्दल. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के असेल, तर पहिल्या वर्षी भरलेल्या सुमारे ३,१२,००० पैकी मुद्दलात जेमतेम ६०,००० जातात, अडीच लाखांवर व्याज असतं. तुमचा नेमका आकडा बँकेच्या व्याजाच्या दाखल्यावर मिळेल. तेही ६०,००० धरू. खात्यातली शिल्लक २५,००० नी घटली, ती वजा. म्हणजे १,२५,०००, उत्पन्नाच्या सुमारे ११ टक्के. ईपीएफ वेगळ्या ओळीत लिहा : तुमचा वाटा आणि कंपनीचा वाटा. पेन्शनकडे वळणारी रक्कम मात्र धरू नका, ती तुमच्या नावावर साठत नाही.

नव्या वर्षासाठी काम एकच. खुणा केलेल्या वार्षिक खर्चांची बेरीज समजा १,८०,००० आली. पगाराच्या दुसऱ्या दिवशी १५,००० रुपये आपोआप वेगळ्या बचत खात्यात जाऊ द्या आणि फी, विमा, गाडी, सण हे सगळं त्याच खात्यातून भागवा. त्या खात्याचं यूपीआय सुरू करू नका. जूनमध्ये शाळेची फी आल्यावर एसआयपी थांबवावी लागते, ती वेळ यामुळे टळते.

जाता जाता : २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचं कर्ज तरत्या दराचं असेल, तर तुमच्या कर्जाचा दर किती उतरला ते बघा. बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते, त्यामुळे खात्यावर फरक जाणवत नाही. जुनं एमसीएलआरचं, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावर ठरणाऱ्या दराचं, कर्ज असेल, तर रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून घेण्याचं शुल्क विचारा.

प्रश्न : मागच्या वर्षीच्या मानाने आमची एकूण मालमत्ता सात लाख चाळीस हजारांनी वाढली. म्हणजे वर्ष चांगलं गेलं ना? यात माझं वीस तोळे सोनं धरलं आहे. राहतं घर धरायचं का? (कोल्हापूर)

वर्ष सोन्याच्या भावाला चांगलं गेलं. तुमचं कसं गेलं ते बघायला ही वाढ फोडावी लागेल.

तुमच्याच आकड्यांनुसार सोन्याचा भाव ग्रॅममागे ३,००० रुपयांनी वाढला. २०० ग्रॅमवर ते झाले सहा लाख. म्युच्युअल फंडांचं मूल्य नव्याने भरलेले पैसे सोडून ९०,००० नी वाढलं. राहिले ५०,०००. वर्षभरात घराने बाजूला टाकलेले पैसे एवढेच. म्हणून वहीत प्रत्येक मालमत्तेसमोर दोन रकाने हवेत : यंदा घातलेले पैसे आणि भावामुळे झालेली वाढघट. पुढच्या वर्षी भाव उतरला, तर दुसरा रकाना उणे होईल आणि बेरीज पाहून उगाच घाबराल. ठरवायचं ते पहिल्या रकान्यावर, कारण तेवढाच आपल्या हातात असतो.

सोन्याची किंमत बिलावरून धरू नका. घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाहीत. खड्याचं, मोत्यांचं आणि लाखेचं वजन वगळून निव्वळ वजन घ्या, त्याला २२ कॅरेटच्या, म्हणजे ९१६ च्या, भावाने गुणा आणि तुमचा सराफ मोडीला जी घट धरतो ती कापा. हॉलमार्क नसलेल्या जुन्या दागिन्यांत घट जास्त निघते. ठुशी आणि पोहेहारासारख्या दागिन्यांत लाख किती आहे ते नुसतं बघून कळत नाही, सराफाकडून एकदा लिहून घ्या. मंगळसूत्र आणि रोजच्या पाटल्या विकणारच नसाल, तर त्या या यादीत कशाला?

राहतं घर यादीच्या तळाशी वेगळं लिहा, पण मुलांचं शिक्षण किंवा निवृत्ती यांच्या बेरजेत घेऊ नका. त्यावरचं कर्ज मात्र देण्यांच्या बाजूला पूर्ण लिहायचं.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या पदवीसाठी पैसे जमवायचे आहेत. भाऊ म्हणतो सुकन्या समृद्धी उघड. किती भरावे? (पुणे)

आधी रक्कम ठरवा, मग योजना. तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम आज वसतिगृहासकट १२ लाखांत होतो असं तुम्ही लिहिलं आहे. शिक्षणाचा खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तर नऊ वर्षांनी तो दुप्पट, २४ लाख. दहा टक्के परतावा गृहीत धरल्यास दरमहा सुमारे १३,७०० ची एसआयपी लागेल. एवढे आज निघत नसतील, तर ९,७०० पासून सुरुवात करून दर एप्रिलमध्ये हप्ता दहा टक्क्यांनी वाढवा. रक्कम तेवढीच जमते. फक्त नवव्या वर्षी हप्ता २०,८०० च्या घरात असेल, हे आजच लक्षात घ्या. परतावा बारा टक्के न धरता दहाच धरला आहे, कारण शेवटच्या तीन वर्षांत हे पैसे टप्प्याटप्प्याने शेअर बाजारातून काढून ठेवींमध्ये आणायचे आहेत. प्रवेशाच्या वर्षीच बाजार पडला, तर फी भरायला थांबता येत नाही.

सुकन्या चांगली योजना आहे. २०२५-२६ मध्ये व्याज ८.२ टक्के आणि करमुक्त. पण खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडावं लागतं, पंधरा वर्षं भरावं लागतं आणि मुदत उघडल्यापासून एकवीस वर्षांची असते. तुमच्या मुलीचं खातं ती तिशीत असताना पूर्ण होईल. शिक्षणासाठी अठराव्या वर्षी किंवा दहावीनंतर आधीच्या वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मीच रक्कम काढता येते. तेव्हा पदवीसाठी तिच्यावर पूर्ण विसंबू नका. थोडी रक्कम तिथे जरूर घाला, ती पुढे मुलीच्याच कामी येईल.

उद्दिष्ट वहीत लिहिताना तीन गोष्टी हव्यात : किती, कधी आणि कोणत्या खात्यातून. ‘यंदा बचत वाढवायची’ यातून डिसेंबरपर्यंत काहीच होत नाही. आणि एका घराला एका वर्षात दोनच नवी उद्दिष्टं पुरेत. पाच लिहिली तर पाचही अर्धवट राहतात.

प्रश्न : ऊस हे आमचं मुख्य पीक. उत्पन्न वर्षभर सारखं येत नाही. ३१ मार्चचा ताळेबंद आम्हाला कसा लागू पडणार? (सांगली)

तो तसाच्या तसा लागू पडत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो, म्हणजे खर्च एका आर्थिक वर्षात आणि बिल दुसऱ्यात. तुम्ही तारीख बदला : हंगाम संपून बिलं जमा झाल्यावर, खरिपाच्या तयारीआधी, मेअखेरीस बसा. आणि एका वर्षावरून काही ठरवू नका, तीन वर्षांची सरासरी घ्या. लागण (नवी लागवड) आणि खोडवा (तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेलं पीक) यांच्या उत्पादनातला फरक तेवढ्यातच धरला जातो.

सगळ्यात मोठी चूक बिलाच्या नोंदीत होते. खात्यावर येते ती विकास सोसायटीची (गावातल्या पीक कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेची) वसुली कापून उरलेली रक्कम, आणि तीच उत्पन्न म्हणून लिहिली जाते. पूर्ण बिल उत्पन्नात लिहा आणि कापलेली रक्कम कर्जफेडीत. नाहीतर उत्पन्न कमी दिसतं आणि फेडलेलं कर्ज कुठेच दिसत नाही. पीक कर्ज नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं फेडून नवं घेताना, मधल्या चार दिवसांसाठी हातउसने किंवा सावकाराकडून घेतलेले पैसे, त्याचं व्याज, हेही देण्यात येऊ द्या. उभा ऊस मालमत्तेत धरू नका. काट्याची पावती हातात असलेलाच ऊस येण्यात धरा. कायद्याने एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) गाळपाला ऊस दिल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवी, पण ‘मिळायला हवी’ आणि ‘मिळाली’ यांच्यासाठी वेगळे रकाने ठेवा.

पगारदाराला सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी गंगाजळी पुरते. तुम्हाला बारा महिन्यांची हवी. बिल जमा झालं की आधी ती बाजूला काढा, ट्रॅक्टरच्या हप्त्याचं नंतर बघू.

प्रश्न : मी निवृत्त आहे. नागरी सहकारी बँकेत नऊ लाख आणि पतसंस्थेत सहा लाख अशा ठेवी आहेत. पतसंस्था जास्त व्याज देते. सगळं तिकडेच न्यावं का? (सोलापूर)

नेऊ नका. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं, मुद्दल आणि व्याज मिळून. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. तिथल्या जादा दीड-दोन टक्क्यांच्या बदल्यात अख्ख्या सहा लाखांचा धोका तुम्ही पत्करला आहे. मुदत संपेल तशी ठेव काढत जा, नूतनीकरणाच्या फॉर्मवर सही करू नका.

बँकेतल्या नऊ लाखांपैकीही चार लाखांना संरक्षण नाही. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत ठेव केल्याने फरक पडत नाही, सगळ्या शाखा एकत्र धरतात. पत्नीबरोबरच्या संयुक्त खात्याची मर्यादा मात्र तुमच्या एकट्याच्या खात्याहून वेगळी मोजली जाते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, २०२५-२६ मध्ये दर ८.२ टक्के होता आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. चार लाख तिथे न्यायला हरकत नाही.

तुमच्या वार्षिक आढाव्यात एक ओळ जास्त लागेल. सगळं व्याज खर्चून टाकलं, तर पंधरा लाख पंधराच राहतात, पण महागाई ६ टक्के धरली तर दहा वर्षांनी त्यांची खरेदीची ताकद आजच्या ८ लाख ४० हजारांएवढी असेल. म्हणून निदान व्याजाचा पाचवा हिस्सा परत ठेवीत टाकता येतो का ते बघा.

आणि सगळ्या ठेवींचं नामनिर्देशन तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात, प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहून. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, त्यामुळे मृत्युपत्र वेगळं लागेलच. पावतीवर ‘नामनिर्देशन नोंदवलं’ एवढंच छापलेलं असेल, तर शाखेत जाऊन नाव कोणाचं आहे ते विचारून घ्या. वीस वर्षांपूर्वी आईचं नाव दिलेलं असतं आणि ते बदलायचं राहून जातं.