पर्यटन आणि पर्यावरणावर संशोधन करायचे, तर एम.एस्सी. कशात करावी?

गोव्यातल्या वाळपईजवळच्या एका गावातून एका आईने पत्र लिहिले आहे. त्यांची मुलगी वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सत्तरी तालुक्यातल्या धबधब्यांवर लोटणाऱ्या गर्दीने रानाचे काय होते, यावर तिला संशोधन करायचे आहे. पर्यटनातच जायचे तर हॉटेल मॅनेजमेंट करून लवकर नोकरीला लागावे, असे घरच्यांचे मत आहे. यासाठी पर्यटनाची पदवी लागते का आणि यातून चरितार्थ चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आदरणीय भगिनी,

हॉटेल मॅनेजमेंट हे चांगले व्यावसायिक शिक्षण आहे. मात्र आपल्या मुलीला जे विचारायचे आहे, त्याचे उत्तर त्या वर्गात मिळणार नाही. तिला वनस्पतीशास्त्र सोडण्याचीही गरज नाही. शाश्वत पर्यटनाकडे, म्हणजे निसर्गाची हानी न करता टिकणाऱ्या पर्यटनाच्या अभ्यासाकडे, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, सागरविज्ञान अशा निरनिराळ्या शाखांतली माणसे वळतात आणि प्रत्येक जण आपल्या शाखेची मोजण्याची रीत बरोबर आणतो. ती रीत हाताशी नसताना नुसत्या कळकळीवर लिहिलेले प्रबंध फारसे कोणी वाचत नाही.

या क्षेत्रात नवख्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी भुरळ पडते ती धारणक्षमतेची, म्हणजे एखाद्या जागी दिवसाला किती माणसे सोडावीत या आकड्याची. जागेचे क्षेत्रफळ, एका माणसाला लागणारी जागा आणि दिवसभरातल्या फेऱ्या यांवरून एक कमाल आकडा काढायचा आणि पाऊस, चढ, जमिनीची धूप, कर्मचाऱ्यांची संख्या यांनुसार तो कमी करत जायचा, अशी ती पद्धत आहे. पद्धत उपयोगी आहे, पण माझ्या मते तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो; कारण ओल्या पायवाटेवरून ओळीने चालणारी पन्नास माणसे जे नुकसान करत नाहीत, ते चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने रानात शिरणारी दहा माणसे करतात. म्हणूनच 1980 च्या दशकात अमेरिकेच्या वनसेवेने आधी जागेवर किती बदल चालवून घ्यायचा ते ठरवावे आणि मग त्यावर नजर ठेवावी, अशी चौकट मांडली.

तो बदल मोजण्यासाठी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनीच हवी. धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना ठरावीक अंतरावर एक मीटरच्या चौकटी आखायच्या आणि आतली रोपे, उघडी पडलेली माती, वाटेची रुंदी व कडेने शिरलेली रानमोडी (झपाट्याने पसरणारे तण) यांची नोंद करायची. अशाच चौकटी वाटेपासून दूर, माणसाचा पाय न पडलेल्या भागातही आखायच्या आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर पुन्हा मोजायच्या. एम.एस्सी.च्या प्रबंधाला एवढा आवाका पुरेसा आहे. 'गोव्यातील शाश्वत पर्यटन' असा विषय मात्र तिने घेऊ नये. तेवढ्या विषयात विद्यापीठाचा एक अख्खा विभागसुद्धा बुडून जाईल.

किनाऱ्यावरचे काम निराळ्या जातीचे आहे. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून नोंदलेले आहेत, आणि तिथे दिव्यांच्या उजेडाने पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात, हा प्रश्न प्राणीशास्त्राइतकाच शॅकवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावर हंगामी खानावळी चालवणाऱ्यांच्या, हंगामाचाही आहे. तिला त्यात रस असेल तर मुलाखती घेण्याचे शास्त्र शिकावे लागेल, जे आपल्याकडच्या विज्ञान शाखेत बहुधा शिकवत नाहीत. आपल्याकडची मुले कोंकणीत बोलतात, मराठीत टिपतात आणि इंग्रजीत लिहितात. या कामात तो मोठाच फायदा आहे.

म्हणून एम.एस्सी. वनस्पतीशास्त्रात किंवा पर्यावरणशास्त्रात करावी आणि जोडीला संख्याशास्त्र व जीआयएस (संगणकावर नकाशे आणि स्थळांची माहिती हाताळण्याचे तंत्र) शिकून घ्यावे. गोवा विद्यापीठ घरापासून फार दूर नाही आणि दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. संस्थेच्या नावापेक्षा वर्षभर शेतात, रानात फिरणारा मार्गदर्शक मिळतो का, ते आधी पाहावे.

चरितार्थाविषयी स्पष्टच लिहितो. पदव्युत्तर शिक्षणानंतर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023 पासून तिची रक्कम दरमहा 37,000 रुपये आहे. पर्यावरणशास्त्र हा विषय यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नेटमध्ये असतो, वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची) जीवशास्त्राची नेट परीक्षा द्यावी लागते. शिष्यवृत्ती न मिळाल्यास प्रकल्प सहायकाची कामे असतात, पण ती मुदतीची असतात. कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच गोव्याबाहेर आहेत. मुलीला बाहेर पाठवायची तयारी नसेल तर हे आजच तिच्याशी बोलून घ्यावे.

शेवटची बाब परवानगीची. तिची जागा म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. गंमत म्हणजे पर्यटकाला आणि संशोधकाला परवाना देणारे कलम एकच आहे. संशोधकाच्या अर्जाबरोबर मार्गदर्शकाचे पत्र आणि कामाची रूपरेषा जोडावी लागते व त्यात वेळ जातो. पावसाळ्याआधीची मोजणी साधायची असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारासच द्यावा.