पहिला पेशंट जवान असेल तेव्हा

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

सुरुंगात गुडघ्याखाली पाय गेलेला जवान तुझ्याकडे फिजिओथेरपीला येणार म्हणून तू शौर्यकथा वाचायला घेतल्यास. चांगलं केलंस. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं सेंटर असल्यामुळे त्याच रेजिमेंटचे लान्स नायक अल्बर्ट एक्का हे नाव आपल्याकडे परकं नाही. डिसेंबर १९७१ च्या युद्धात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरला जबर जखमी असूनही ते शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, तिथेच त्यांना वीरमरण आलं आणि त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्या रात्रीबद्दल आपण भरभरून बोलतो. जे जखमी जिवंत परतले, त्यांच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि तुझं काम नेमकं त्या वर्षांशी आहे.

आपल्याकडचा मे महिनाच घे. पारा ४५ च्या घरात गेला की लायनरच्या, म्हणजे कृत्रिम पायाखाली घालायच्या मऊ आवरणाच्या, आत घाम साचतो, लायनर सरकतो, स्टंप म्हणजे पायाचा उरलेला भाग घासला जातो आणि फोड येतो. फोड बरा होईपर्यंत कृत्रिम पाय लावता येत नाही, म्हणजे पुन्हा कुबड्या. त्यात स्टंपचं माप दिवसभर सारखं राहत नाही. सकाळी नीट बसलेलं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंप बसवायची खोबण, दुपारी सैल लागतं, मग आत एखादा मोजा वाढवावा लागतो. रात्री पाय काढून ठेवल्यावर संडासला जायचं झालं तर भिंत धरून लंगडी घालत जावं लागतं. हे रोज, न चुकता. माझ्या मते खरी हिंमत इथे लागते.

तो म्हणेल, "काही नाही मॅडम, बरं आहे." तेवढ्यावर मान डोलवू नकोस. लायनर काढायला सांग. नडगीच्या कापलेल्या टोकाशी आणि गुडघ्यामागे स्वतः बघ. लाली दहा-पंधरा मिनिटांत ओसरली नाही, तर त्या दिवशी चालवायचं नाही, सॉकेट दुरुस्तीला पाठवायचं.

कधी तो सांगेल की नसलेल्या पायाची बोटं मुरगळल्यासारखी दुखतात. हे फँटम पेन. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा शिल्लक असते, म्हणून ही वेदना अगदी खरी असते. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात पुढे आणलेला आरशाचा उपाय करून बघ: शाबूत पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवून तो पाय हलवायला सांगायचा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. हे त्याच्या बायकोला आणि आईलाही बसवून समजाव. रात्री तो तळमळतो तेव्हा त्या बिचाऱ्या घाबरून जातात.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट त्याला सांगायचा मोह तुला होईल. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा आपल्या सांगलीकडचा जवान १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकला. जरूर सांग, पण त्याने विचारल्यावर. पहिल्याच आठवड्यात सांगितलीस तर ती मोजपट्टी होते, आणि ज्याला अजून जिना चढता येत नाही त्याला वाटतं आपणच कमी पडलो. पेटकरांच्याही जखमेपासून पदकापर्यंत मध्ये सात वर्षं गेली, हे आधी तू लक्षात ठेव.

म्हणूनच येता-जाता "तुमच्यासारख्या वीरांमुळे" वगैरे नको. एकदा मनापासून नमस्कार कर, पुरे. सारखं वीर म्हटलं की त्या माणसाला "आज खूप दुखतंय" म्हणायची चोरी होते. चिडला तर चिडू दे, रडला तर रडू दे. स्फोट कसा झाला ते स्वतःहून विचारू नकोस. त्याच्या कुबड्या हाताच्या अंतरावर ठेव, आणि बोलताना स्टूल ओढून समोर बस, म्हणजे त्याला मान वर करून बोलावं लागणार नाही.

पेन्शनचे कागद अडले असतील तर त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठव. जमलं तर पहिल्या खेपेला तूही सोबत जा. आणि पहिल्या सेशननंतर मला फोन कर. स्टंपची त्वचा कशी होती, ते आधी सांग.

तुझे सर