‘दख्खन’ हा शब्द मूळचा फारसी की संस्कृत?

आपण विचारले आहे की ‘दख्खन’ हा शब्द मुसलमानी राजवटीत फारसीतून आला की तो आपलाच जुना शब्द आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: शब्द आपलाच आहे. फारसीने त्याला ‘दकन’ असे रूप देऊन दरबारी कागदपत्रांत रुजवले, एवढेच.

संस्कृत ‘दक्षिण’ याचा अर्थ केवळ दिशा असा नाही. ‘उजवा’ आणि ‘कुशल’ हेही त्याचे जुने अर्थ आहेत. उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की समोरची ती प्राची, पाठीमागची ती पश्चिम आणि उजव्या हाताची ती दक्षिण. देवाला उजवीकडे ठेवून घालायची ती प्रदक्षिणा, हाही त्याच अर्थाचा विस्तार आहे. म्हणूनच नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालणारा परिक्रमावासी दक्षिण तीराने जाताना पश्चिमेकडे, तर उत्तर तीराने परतताना पूर्वेकडे चालत असतो.

प्राकृतात ‘क्ष’चा ‘क्ख’ होतो. ‘लक्ष’चे ‘लक्ख’ आणि पुढे मराठीत ‘लाख’ झाले, तसेच ‘दक्षिण’चे ‘दक्खिण’ झाले. हा बदल किती जुना आहे, याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा पुरावा एका परक्या माणसाचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनाचा अनामिक लेखक भडोचच्या पलीकडील मुलखाला ‘दखिनाबदेस’ म्हणतो, तेथील लोकांच्या भाषेत दक्षिणेला ‘दखनोस’ म्हणतात असा खुलासा करतो आणि त्याच मुलखातील पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांची नावे देतो. ‘दखिनाबदेस’ म्हणजे उघडच दक्षिणापथ. फारसी ही आपल्याकडे दरबारी भाषा होण्याच्या हजार-बाराशे वर्षे आधी येथील बंदरांवर हा उच्चार ऐकू येत होता, हे यावरून निश्चित होते. इसवी सन 150 च्या सुमाराच्या जुनागढ येथील शिलालेखात शक क्षत्रप रुद्रदामनाने सातवाहन राजा सातकर्णीला ‘दक्षिणापथपति’ म्हटले आहे. म्हणजे संस्कृत रूपही त्याच काळात राजकीय प्रदेशनाम म्हणून वापरात होते.

फारसी काळात बदलली ती मुख्यतः व्याप्ती. मोगलांच्या कारभारात दख्खन म्हणजे विंध्याखालचा सगळा मुलूख नव्हे, तर खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, हैदराबाद आणि विजापूर हे सहा सुभे. 1719 साली शाहू महाराजांना चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या त्या याच सहा सुभ्यांच्या. इंग्रजांनी ‘डेक्कन’ उचलले ते याच फारसी रूपावरून. तरीही वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला आपण ‘दख्खनचा राजा’ म्हणतो, तेव्हा आपल्या तोंडी येणारा ‘ख्ख’ त्या प्राकृत ‘क्ख’शीच नाते सांगतो, फारसी ‘क’शी नव्हे.