परग्रहवासी आणि माणसं यांच्यात लढाईऐवजी बोलणी चालणारी विज्ञानकथा मालिका आहे का?

तुमचा प्रश्न असा: परग्रहवासी आले की दर वेळी तोफाच का सुटतात, तह आणि वाटाघाटींवर चाललेली एखादी लांबलचक मालिका आहे का, आणि बेताच्या इंग्रजीवर ती झेपेल का?

आहे. सी. जे. चेरी या अमेरिकन लेखिकेची ‘फॉरिनर’. पहिलं पुस्तक १९९४ साली आलं, बाविसावं २०२३ साली. लेखिका आधी लॅटिन शिकवायच्या. परक्या भाषेत शिरताना कुठे ठेच लागते हे त्यांना पक्कं माहीत आहे, ते पानोपानी जाणवतं.

गोष्टीची मांडणी थोडक्यात सांगतो. माणसांचं एक अंतराळयान वाट चुकतं आणि त्यातली काही माणसं नाइलाजाने अतेवी लोकांच्या ग्रहावर उतरतात. अतेवी उंच, काळ्याकभिन्न रंगाचे, सोनेरी डोळ्यांचे. त्यांची वाफेची रेल्वे तेव्हा धावतच होती, म्हणजे अडाणी बिलकूल नाहीत. सुरुवातीची वर्षं गोडीगुलाबीत जातात आणि मग अचानक युद्ध पेटतं. शेवटी तह होतो: माणसांनी मॉस्फेरा नावाच्या एका बेटावर राहायचं, आपलं तंत्रज्ञान हळूहळू अतेवींच्या हवाली करायचं आणि अतेवींमध्ये फक्त एका माणसाने राहायचं. त्या एकाला ‘पैधी’ म्हणतात. शब्दकोश तयार करणं हे त्याचं काम, आणि कुठलं यंत्र कधी दिलं तर त्यांचा समाज विस्कटणार नाही हे तोलणंही त्याचंच. युद्धानंतर सुमारे दोनशे वर्षांनी त्या जागेवर असलेला ब्रेन कॅमरॉन हा मालिकेचा नायक. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात मुक्काम करून राहणारा माणूस, जसे निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. ब्रेन तसा वकील आहे, फक्त त्याच्या आसपास स्वतःच्या जातकुळीचं कोणीच नाही.

आता युद्ध का झालं, ते. माझ्या मते सगळ्या मालिकेचा जीव त्यात आहे. माणसांनी ज्याच्याशी जमलं त्याच्याशी मैत्री केली. अतेवींच्या मनात मैत्री नावाची गोष्टच नाही. त्यांच्याकडे आहे ‘मानची’: आपल्या म्होरक्याकडे, आपल्या गोटाकडे आतून ओढणारी निष्ठा. ही ओढ वरच्या दिशेने जाते, आणि जो सगळ्यांच्या वर असतो त्याला कोणाचीच ओढ नसते. माणसं आज या गोटात, उद्या त्या गोटात प्रेमाने मिसळत राहिली आणि या निष्ठांच्या गाठी नकळत सोडत गेली. द्वेष कोणाच्याच मनात नव्हता. ब्रेनला हे सगळं पाठ आहे, तरी तो आपल्या अंगरक्षकांना, बनिची आणि जागो यांना, ‘तुम्ही मला आवडता’ असं सांगू पाहतो. त्यांच्या भाषेत ‘आवडणं’ हे खाण्याच्या पदार्थांपुरतंच. ते गोंधळतात आणि ब्रेन एकटा पडतो. तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

कारण माझं कामच ते आहे. मी उदगीरचा. निजामकाळातल्या उर्दू कागदांचा मराठी तर्जुमा करून देतो. आजोबांचं शिक्षण उर्दूत झालं होतं, त्यांच्याकडूनच मी ही लिपी शिकलो. मला अडचण अवघड शब्दांची कधीच येत नाही, ते कोशात सापडतात. अडचण येते ती ओळखीच्या शब्दांची. एक तरुण शेतकरी एकदा कागद घेऊन आला. त्यातला ‘इनाम’ हा शब्द त्याने कोणाकडून तरी वाचून घेतला होता. पणजोबांना जमीन बक्षीस मिळाली, आता विकायला मोकळी, असा त्याचा समज. कागदात होतं ‘खिदमतमाश’. म्हणजे देवस्थानाची सेवा करायची आणि त्या बदल्यात जमीन कसून खायची. बक्षीस नव्हतंच, बांधिलकी होती. त्याला समजावताना माझी संध्याकाळ गेली. आपल्या भाषेत आहे म्हणून शब्द कळला असं त्याला वाटलं होतं, आणि त्या यानातल्या माणसांनाही तसंच वाटलं होतं.

आकड्यांचा भाग तुम्हाला फार आवडेल. अतेवींना आकडे जन्मजात दिसतात, त्यांचं बोलणंसुद्धा शुभ-अशुभ संख्या सांभाळून चालतं. फुलदाणीत फुलं किती, बैठकीला माणसं किती, सगळ्याचा हिशोब. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया ठेवणाऱ्या आपल्याला हे परकं वाटत नाही. पण तिथे दोन अशुभ आणि तीन शुभ, आणि आपल्याकडे ‘तीन तिगाडा, काम बिगाडा’! ओळखीचं वाटता वाटताच ते असं हातातून निसटतं.

रक्त अगदीच सांडत नाही असं नाही. अतेवींमध्ये मारेकऱ्यांचा कायदेशीर संघ आहे आणि कोणाला मारायचं असेल तर आधी रीतसर नोंद करावी लागते. पहिल्या पुस्तकात ब्रेनच्या खोलीत रात्री नोंद न करताच कोणीतरी शिरतं, तिथून घोळ सुरू होतो. पण एका वृद्ध राजमातेने, इलिसिदीने, दिलेल्या चहाचा प्रसंग मला सगळ्या गोळीबारापेक्षा जास्त भेदक वाटतो. अतेवींना तो चहा पचतो, माणसाला विषासारखा बाधतो.

इंग्रजीचं म्हणाल तर सुरुवात जड आहे. पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन छोटे भाग यानाचे आणि उतरण्याचे आहेत. तिथे ब्रेन नाही आणि बरेच वाचक तिथेच थांबतात. ते भाग भरभर वाचून पुढे जा. ब्रेनच्या डोक्यातले विचार लांबतात, वाक्यंही लांबतात, पण शब्द तेच ते परत येतात. मी वहीच्या मागच्या पानावर अतेवी शब्द लिहीत गेलो, शंभरेक पानांनंतर वही लागली नाही. पुस्तकं तीन-तीनच्या गटात बांधलेली आहेत, म्हणून ‘फॉरिनर’, ‘इन्व्हेडर’, ‘इनहेरिटर’ एवढी तीनच आधी घ्या. मधूनच कुठलं तरी उचलू नका, आणि पहिलं संपेल तेव्हा दुसरं हाताशी असू द्या, कारण पहिल्याच्या शेवटी जे उघड होतं त्याचा निकाल तिथे लागत नाही.