कॅनडाच्या पीआरची (कायम राहायच्या परवानगीची) फाईल चौदा महिने अडकलीय, मागून आलेले पुढे गेले. हे दिवस कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाला राहता, फाईल चौदा महिने 'बॅकग्राउंड चेक'वर बसलीय, तुमच्यानंतर चार महिन्यांनी अर्ज केलेल्या मित्राला पासपोर्ट रिक्वेस्ट (पासपोर्ट पाठवा असं पत्र, म्हणजे काम झाल्यात जमा) आली, आणि तुम्ही नोकरीत नोटीस देऊन बसलाय. वकील लावू का, असंही विचारलंय.

नोटीस मागे घ्या. आजच. बाकीचं उत्तर जेवून-खाऊन वाचलंत तरी चालेल.

मी डिचोलीचा. कुंडईच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. माझी एओआर, म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, सप्टेंबर 2019ची. लॅबमधल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राचीही त्याच आठवड्यातली. गुण जवळजवळ सारखे, अनुभव सारखा, कागदसुद्धा आम्ही दोघांनी एकाच झेरॉक्सवाल्याकडे काढलेले. सहा महिन्यांत निकाल हे तेव्हा एक्सप्रेस एन्ट्रीचं (वय, शिक्षण, अनुभवाच्या गुणांवर पीआर देणाऱ्या योजनेचं) अधिकृत प्रमाण होतं. फेब्रुवारी 2020च्या सुरुवातीला त्याला पासपोर्ट रिक्वेस्ट आली. मी म्हटलं, आता माझी आज-उद्या येईल. आणि मी राजीनामा दिला. एक महिन्याची नोटीस होती, सायबाने दोन आठवड्यांत सोडलं, निरोप समारंभ केला आणि सगळ्यांनी वर्गणी काढून एक मोठी निळी बॅग दिली. चार चाकांची. मी स्कूटर विकली, फ्रिज मेव्हण्याला दिला.

मित्र 10 मार्चला टोरांटोला उतरला. 18 मार्चला कॅनडाने सरहद्द बंद केली. माझी फाईल तशीच.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा त्याच कंपनीत गेलो. कंत्राटावर, जुन्या पगाराच्या पाऊण पगारात, माझ्याच जुन्या टेबलावर, आणि ज्या पोराला मी एचपीएलसी यंत्रावर सॅम्पल लावायला शिकवलं होतं त्याच्या हाताखाली. तो बिचारा मला 'सर'च म्हणायचा, त्यानेच जास्त लागायचं. निळी बॅग घरी कपाटावर. झोपताना नजर वर गेली की तीच दिसायची. गावात तर विचारू नका. उंडे (पाव) आणायला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीपाशी गेलो तरी कुणीतरी, "कितें जालें रे तुज्या कॅनडाचें?" चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधताना काकू म्हणाल्या, "ह्या वर्साची शेवटची तुजी." 2019ला म्हणाल्या, 2020ला म्हणाल्या, 2021लाही म्हणाल्या. तिसऱ्या वर्षी मी माटोळीच्या सुपाऱ्या तिथेच टाकून बाहेर निघून गेलो.

आई दर मे महिन्यात भिरंडाची (कोकमाची) सोलं वाळवून माझ्यासाठी वेगळी पिशवी बांधून ठेवायची, तिकडे न्यायला. पावसाळा आला की तीच पिशवी फोडून घरातल्या कढीत. पुढच्या मेमध्ये नवी पिशवी. एकदा तिने ग्रामदेवीला कौलही लावला. उजवी पाकळी पडली. मी म्हटलं, देवीने हो म्हटलंय, पण कधी ते विचारलंस का? आई म्हणाली, तारीख विचारायची नसते.

आता मागून आलेले पुढे का जातात ते. ही एक रांग नाहीच, हे आधी डोक्यात घ्या. पात्रता, गुन्हेगारी नोंद, सुरक्षा तपासणी, मेडिकल, हे वेगवेगळे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा वेगळ्या हातात. सुरक्षा तपासणी तर इमिग्रेशन खातं एकटं करतच नाही, तिथे दुसऱ्या यंत्रणा येतात. फाईल कुठल्या कार्यालयाकडे गेली, तिथे ढीग किती, त्या वर्षी सरकारला कुठले अर्जदार आधी हवेत, यावर सगळं. 13 फेब्रुवारी 2021ला त्यांनी एकाच दिवशी 27,332 जणांना बोलावलं, तेही 75 गुणांवर! कारण सरहद्द बंद, वर्षाचं लक्ष्य 4 लाख 1 हजाराचं, मग आधीच कॅनडात बसलेल्यांना घेतलं. माझे 468 गुण होते. त्या दिवशी मी घरात कुणाशी बोललो नाही. पण मला बाजूला ठेवणारा माझ्यावर डूख धरून होता असं नाही. त्याने माझी फाईल पाहिलीच नव्हती.

हे मला कसं कळलं? जीसीएमएस नोट्स, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या संगणकातल्या आपल्या फाईलच्या नोंदी. त्या टोरांटोच्या मित्राने पाच डॉलर भरून माझ्या संमतीने मागवल्या. पानंच्या पानं आली, त्यात कामाच्या ओळी चार. मेडिकल पास, पात्रता पास, गुन्हेगारी पास, सुरक्षा 'नॉट स्टार्टेड'. शेवटचा हात फेब्रुवारी 2020चा. मी दीड वर्ष रात्री-रात्री विचार करत होतो की कॉलेजात असताना त्या मोर्च्यात गेलो होतो त्याचं काही निघालं का, सासऱ्यांच्या नावातला फरक कुणी पकडला का. काही नव्हतं. त्या रात्री मी खूप दिवसांनी झोपलो. जुलै 2022पासून कॅनडाबाहेरच्या माणसालाही स्वतःची माहिती तिथल्या प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःच मागता येते, फीही नाही. तुम्ही अजून मागवल्या नसतील तर कशाची वाट बघताय? ट्रॅकरवर दुसऱ्यांच्या तारखा बघण्यात जो वेळ घालवताय त्याच्या दहाव्या भागात हा अर्ज होतो. ते ट्रॅकर मोबाईलवरून काढून टाका. ज्याचं झालं तो लगेच लिहितो, ज्याचं नाही झालं तो गप्प असतो. त्यामुळे ते बघून जगात आपणच एकटे मागे राहिलो असं वाटतं.

दुसरी गोष्ट माझ्या बायकोने मला शिकवली. आम्ही मूल 'तिकडे गेल्यावर' म्हणून ठेवलं होतं. जून 2020मध्ये ती म्हणाली, फाईलला विचारून मूल होत नसतं. मार्च 2021ला मुलगी झाली. मग तिचं नाव फाईलमध्ये घालायचं, तिचा पासपोर्ट, तिचं मेडिकल, तिची फी. पुतण्याने सल्ला दिला, आता सांगू नका, उशीर होईल, पोचल्यावर बघू. असल्या सल्ल्याला कानफटीत मारावी. लग्न झालं, मूल झालं, इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन वेबफॉर्मने लगेच कळवायचं. लपवून उतरलात तर त्या मुलाला किंवा बायकोला पुढे फॅमिली क्लासमध्ये (कुटुंबीयांना बोलावण्याच्या वर्गात) स्पॉन्सर करता येत नाही, नियमच तसा आहे. उशीर परवडला.

आणि कागद शिळे होतात. मेडिकल बारा महिने. माझं ऑगस्ट 2019चं 2020ला संपलं, 2022च्या सुरुवातीला पुन्हा मागितलं. थिवीला रात्री कोकणकन्या पकडून बायको-मुलीसह मुंबई, तोच दवाखाना, तीच लिफ्ट, छातीचा तोच एक्सरे. तिथली बाई म्हणाली, पहिल्यांदा आलात का? पीसीसी (पोलिसांचा चारित्र्य दाखला) पणजीच्या पासपोर्ट कार्यालयातून काढलेलं, तेही नवं. पासपोर्टची मुदत बघून ठेवा.

मे 2022ला पासपोर्ट रिक्वेस्ट आली. बत्तीस महिने.

आता दादाचं. तुम्ही शेवटी लिहिलंय ना, "घरचे म्हणतात आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढ, कॅनडाचा नाद सोड"? खरं तर ते वाचलं म्हणूनच मी लिहायला बसलो. माझ्या घरात या एका वाक्यावर दहा वर्षं भांडण चाललंय.

19 डिसेंबर 1961च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलं मानतो, आणि ती नोंद लिस्बनला चढवली की मुलांना-नातवंडांना वाट मिळते, हे तुमच्या बारदेशात शेंबड्या पोराला माहीत आहे. बाबांचा जन्म 1950चा. दादाने कागद काढले, 2015ला पोर्तुगीज पासपोर्टावर ब्रिटनमध्ये स्विंडनला गेला. मी नाही म्हटलं. कारण नागरिकत्व कायदा 1955, कलम 9: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलंत की भारताचं जातं. पीआरमध्ये पासपोर्ट भारताचाच राहतो. दादा म्हणायचा, घरात दाखला असताना रांगेत उभा राहतोस, शिकलेला बावळट आहेस. दर रविवारी फोनवर. माझी फाईल अडकल्यावर तर त्याला फारच स्फुरण चढलं.

पण त्याची रांग नव्हती का? स्वतःचं सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर युरोपियन नागरिकांना ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) त्याला अकरा दिवसांत मिळालं. वहिनीचा पासपोर्ट भारतीय, तिला त्याच योजनेत चौदा महिने लागले. एकाच घरातली दोन माणसं, एकाच टेबलावर बसून भरलेले अर्ज! तेव्हा तो मला रात्री फोन करून विचारायचा, तुला काय वाटतं, काही नजरचूक झाली असेल का? मी नोट्समधून शिकलेलं सगळं त्याला सांगायचो. बावळट म्हणायचा तो कुठे गेला होता तेव्हा? आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात यायचं कायमचं कार्ड) त्याने काढलंच नव्हतं. काय घाई आहे, म्हणे.

मे 2021च्या दुसऱ्या आठवड्यात बाबा गेले. हृदयविकार, कोविड नव्हे. गोव्यात कर्फ्यू होता, स्मशानात मोजकी माणसं. दादाकडे ओसीआय नाही, टुरिस्ट व्हिसा बंद, आपत्कालीन व्हिसा मिळाला तो पाचव्या दिवशी. शिवाय 23 एप्रिलपासून ब्रिटनने भारत लाल यादीत टाकलेला, परत जाताना दहा दिवस हॉटेलात, एकट्या माणसाला 1,750 पौंड. शेजारच्या पोराने फोन उभा धरला आणि दादाने सगळं त्यातून बघितलं. मी अग्नी दिला. थोरला म्हणून त्याचा मान होता तो.

लोक म्हणतात, बघ, फाईल अडकली ते बऱ्यासाठी. मी तसं म्हणत नाही. फाईल वेळेवर आली असती तर मी गेलोच असतो आणि मीही फोनमधूनच बघितलं असतं. गेल्या चवथीला आम्ही दोघेही घरी होतो, दादाकडे आता ओसीआय आहे. माटोळीला नारळ बांधताना तो म्हणाला, "तू होतास कारण तुझी फाईल अडकली होती. त्यात तुझं काय?" बरोबर आहे त्याचं. मी उत्तर दिलं नाही. पण पासपोर्टाच्या बाबतीत तो चूकच आहे. प्रत्येक वाटेला रांग असते. काहींची दारातच दिसते, काहींची आत गेल्यावर.

वकिलाचं राहिलंच. फेडरल कोर्टात मॅंडेमस मागता येतो, म्हणजे निर्णय द्या एवढंच सांगणारा आदेश, होकार द्या असं नव्हे. चौदा महिन्यांवर मी त्यात पैसे घालणार नाही. आधी नोट्स, मग वेबफॉर्मवर एक मुद्देसूद पत्र. नोट्समध्ये 'नॉट स्टार्टेड' असेल तर धीर धरा. एखादी शंका लिहिलेली असेल तर मात्र परवानाधारक वकील गाठा आणि म्हापशाच्या कुठल्याही एजंटाला त्यात हात घालू देऊ नका.

हे माझ्या काळचं आणि एक्सप्रेस एन्ट्रीचं आहे, पीएनपीवाल्यांचं (कॅनडातल्या प्रांतांनी निवडलेल्यांचं) गणित निराळं. माझा काळही महामारीचा होता, तेव्हा माझे बत्तीस महिने तुमच्या माथी मारून घेऊ नका. आणि पोर्तुगीज कागदवाले सगळे चुकीचे असंही नाही, अर्ध्या गोव्याची चूल त्यावर पेटलीय. मी माझ्या दादाबद्दल बोलतोय.

नोट्स आल्या आणि त्यातली ओळ कळली नाही तर इथेच खाली टाका, नाव-नंबर खोडून. मी बघतो. आणि बॅग घेतली असेल तर कपाटावर ठेवू नका, माळ्यावर टाका.