जुन्या घराला दगडी खोली जोडताना सिमेंट वापरावं की चुना?

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या शुक्रवार पेठेत शंभर वर्षांपुढचं घर आहे, खालचा मजला दगडी. मागच्या अंगणात दहा बाय बाराची दगडी खोली एक गवंडी हाताशी घेऊन स्वतः बांधायची आहे. सिमेंट वापरू की चुना, आणि खर्च किती येईल?

चुना वापरा. पण त्याच्याही आधी जुनी भिंत आणि नवी भिंत जिथे भेटतात तिथलं ठरवा, कारण असं वाढीव बांधकाम फुटतं ते तिथेच. आमच्या मागच्या खोलीचा दाखला देतो.

ती खोली काळ्या दगडात, 1:6 सिमेंटमध्ये (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) बांधलेली होती. जुन्या भिंतीत दर दीड-दोन फुटांवर खाचा पाडून नव्या भिंतीचे दगड त्यांत घुसवले होते, म्हणजे दात काढून जोड दिला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सांध्यात उभी भेग दिसली. छपराशी 9 मिमी, जोत्याशी केसाएवढी. भेग वर रुंद आणि खाली बारीक असली की नवं बांधकाम बाहेरच्या टोकाला खचून जुन्या घरापासून कलतंय असं समजायचं. भेगेवर तारीख लिहून काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या. चार महिन्यांत दोन तडकल्या, म्हणजे हालचाल थांबलेली नव्हती. बाहेरच्या कोपऱ्याशी खणून पाहिलं तेव्हा कारण सापडलं. जुन्या घराचा पाया साडेचार फुटांवर कडक मुरमात होता आणि खोलीचा अडीच फुटांवर, जुन्या पाडकामाच्या भरावात.

त्या दातांनी काय केलं ते नीट समजून घ्या. नवी भिंत खाली जायला लागली तसे दात पहारीसारखे फिरले आणि त्यांनी जुन्या भिंतीच्या तोंडाचे दगड उपटून काढले. सिमेंटचा सांधा शाबूत राहिला. तुटला तो त्याच्यापेक्षा मऊ असलेला दीडशे वर्षांचा चुना, म्हणजे जे भरून आणता येत नाही तेच. शिवाय खाचा पाडताना घणाच्या दणक्यांनी आतली भर सैल होते. पेठेतल्या भिंती तोंडाला घडीव दिसल्या तरी पोटात चिपा आणि माती असते. ती भर सुटली की भिंतीला पोट येतं आणि मग तोंडाच्या दगडांचा सगळाच पदर उतरवावा लागतो.

म्हणून दात काढू नका. खोली स्वतःच्या पायावर स्वतंत्र उभी करा. बाजूच्या दोन भिंती जुन्या भिंतीपाशी पोचल्या की काटकोनात वळवा आणि जुन्या भिंतीला समांतर दोन-अडीच फूट आणा, म्हणजे सुटं टोक राहत नाही. जुन्या-नव्यात दीड इंच फट सोडा. बांधताना तिथे फळी उभी ठेवा आणि काम वर जाईल तशी ओढून घ्या. फटीत एक चिप जरी अडकली तरी सगळा भार तिथे येतो, म्हणून रोज संध्याकाळी सळई फिरवून फट मोकळी आहे ना ते बघा. वरच्या तोंडाला जस्ताच्या पत्र्याची पट्टी लावा. तिची एक कड जुन्या भिंतीच्या आडव्या सांध्यात इंचभर खोवून चुन्याने बंद करायची, दुसरी कड नव्या छपरावर मोकळी टेकवायची, खिळायची नाही. ॲल्युमिनियमची पट्टी घेऊ नका, ओला चुना ती खातो. आत जायला जुन्या भिंतीतलं आहे तेच दार किंवा खिडकी वापरा.

आता पाया. दोन बाय दोनचा खड्डा घेऊन आधी जुना पाया किती खोल आहे ते पाहा. जुन्या भिंतीलगत तिच्या तळाच्या खाली जाऊ नका, आणि तिथली चर सलग न खणता तीन-तीन फुटांचे टप्पे एकाआड एक करून भरा. भराव आणि काळी माती पूर्ण काढायची. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर दगडी भिंत टिकत नाही. कडक मुरूम म्हणजे पहार मारली की जी आत न शिरता उसळते ती जमीन. पेठेत खणताना बुजवलेला आड, धान्याचं पेव, क्वचित जुना दगडी नळही लागतो. कात्रजच्या तलावातून पाणी आणणारे पेशवाईतले नळ आणि त्यांचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली उभी तोंडं, याच भागाखालून गेलेले आहेत. पोकळ आवाज आला तर काम थांबवा, मातीने बुजवून पुढे जाऊ नका.

तुमच्या खोलीचं माप घेऊन हिशेब करतो. तीन भिंतींची लांबी साधारण 35 फूट, जाडी दीड फूट, उंची 9 फूट. दारं-खिडक्या वजा जाता हे 4 ब्रास होतं (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पाया अडीच फूट रुंद आणि तीन फूट खोल, जोतं दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, ते आणखी 4 ब्रास. एकूण 8 ब्रास बांधकाम. फटीलगतच्या वळणांचं थोडं वर धरा. त्याला डबर, म्हणजे खाणीतला अनघड दगड, 10 ब्रास लागेल, कारण घडाईत आणि पोकळीत पाचवा हिस्सा जातो. वाळू पावणेतीन ब्रास, चुन्याचा लगदा 90 घनफूट, म्हणजे साधारण बाराशे किलो कळीचा, म्हणजे भट्टीतला न विरवलेला चुना. सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, वेगळी. भिंतीच्या एका धावत्या फुटाचं वजन जवळजवळ एक टन भरतं, यावरून पायाची निकड लक्षात येईल.

दगड निवडताना हातोडीने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर टाका. ज्याला कांद्यासारखे पापुद्रे सुटतात किंवा तपकिरी साल आहे तो कुजका दगड. वाघोलीकडच्या खाणींतल्या दगडात पांढऱ्या खड्यांचे ठिपके असतात, संग्राहक त्यांच्यामागे असतात, पण असा दगड बाहेरच्या तोंडाला लावू नका, खडे आधी झिजून दगडाला भोकं पडतात. घर पाडलेल्या ठिकाणचा जुना घडीव दगड मिळाला तर सोडू नका, फक्त त्याला चिकटलेलं सिमेंट पूर्ण काढा.

लावताना दगडाचं तोंड लहान आणि शेपूट आत लांब हवी. शोभेसाठी पातळ दगड उभा करून चिकटवतात, तो पहिला निखळतो. उभा सांधा सलग दोन थरांत येता कामा नये, सांधेमोड कटाक्षाने पाळा. सांधा पाऊण इंचाच्या पुढे गेला तर चुना ओतण्याऐवजी चिप ठोका. पोटात कोरड्या चिपा आणि कचरा लोटून वरून थापी फिरवणारा गवंडी त्याच दिवशी बदला. प्रत्येक चिप चुन्यात बसली पाहिजे.

आरपार दगड, म्हणजे भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारे, उभ्या अंतरात दर दोन फुटांवर आणि आडव्या अंतरात दर चार फुटांवर, एकाआड एक थरात जागा बदलून. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात दगडी घरं का उभी फाटली? मातीतल्या जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांना बांधलेलेच नव्हते, आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं होतं. दीड फूट लांबीचे दगड मिळत नसतील तर सहा बाय सहा इंचांचे, दीड फूट लांब काँक्रीटचे ठोकळे आत आकडेवाली सळई घालून ओता. जोत्यावर आणि दारं-खिडक्यांच्या माथ्यावर सलग पट्टा हवाच. काँक्रीटचा, निदान 75 मिमी जाड, दोन 10 मिमी सळयांचा, कोपऱ्यात सळया वळवून नेलेला. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून दोन फूट लांब ठेवा.

पट्ट्यात सिमेंट चालतं, मग सांध्यात का नको? आमचे थोरले चुलतभाऊ सिव्हिलवाले. गेली वीस वर्षं ते हेच विचारतात आणि वर म्हणतात, चुना ही हौस आहे. दादा, हे तुमच्यासाठीच लिहितोय. काळा पाषाण पाणी जवळजवळ पीतच नाही. जमिनीतून चढलेला ओलावा दगडातून बाहेर पडूच शकत नाही, त्याला सांधा हा एकच रस्ता. तो चुन्याचा असेल तर ओल तिथून वाळते आणि झिजला तर सांधाच झिजतो, तो पुन्हा भरता येतो. सांध्यांची तोंडं सिमेंटने भरलीत, म्हणजे दरजकाम केलंत, की तो रस्ता बंद. मग ओल आतल्या बाजूने गिलाव्यात शिरते आणि तीन फुटांपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो. आमच्या जुन्या भिंतीला शंभर वर्षं लोणा नव्हता. दरजा सिमेंटने भरल्यावर तीन वर्षांत आला. छिन्नीने, ग्राइंडर न लावता, इंचभर खोल ते सिमेंट काढून चुना भरला, आणि दोन उन्हाळ्यांत भिंत वाळली.

चुन्याचं काम गणपतीतच सुरू करा. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग कळी थोडी थोडी, कधीच उलटं नाही. पाणी उकळायला लागतं, म्हणून पातळ प्लास्टिकचं पिंप नको. एक भाग कळीला अडीच-तीन भाग पाणी. शांत झाल्यावर तीन मिलीमीटरच्या चाळणीतून गाळा आणि वर बोटभर पाणी राहील असं निदान तीन आठवडे मुरू द्या. न विरलेला कण भिंतीत गेला की महिन्यांनी फुगतो आणि सांधा फोडतो. भिंतीला एक भाग लगदा, तीन भाग वाळू. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) असेल तर पुडीसारखी धूळ धुऊन काढा. पायात आणि जोत्यात मात्र एक चुना, एक सुरखी, दोन वाळू, कारण नुसता चुना हवा लागल्याशिवाय धरत नाही आणि जमिनीखाली हवा कुठली? सुरखी नीट भाजलेल्या मऊ विटेची, बारीक दळलेली हवी. जास्त भाजलेल्या काळपट विटेची भुकटी ही नुसती वाळूच. माल मळताना पाणी जवळजवळ घालू नका, लगद्यात असतं तेवढं पुरतं. मळून, कुटून, थापी उलटी केली तरी न पडणारा घट्ट माल झाला पाहिजे. विटेसारखा दगड भिजत घालू नका, फक्त धूळ धुवा. पाणी न पिणाऱ्या दगडावर पातळ माल घातला की वरचा दगड तरंगतो आणि चुना तोंडावर ओघळतो. चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालणं हे सगळं नंतर, आधी हा घट्टपणा जमवा.

दिवसाला दोन फुटांच्या वर उंची घेऊ नका. ओली गोणपाटं दहा दिवस, सावली धरून. दसऱ्यानंतर भिंतीचं काम धरा आणि गुढीपाडव्याच्या आत माथ्याचा पट्टा ओता, कारण एप्रिलच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळून भुकटी होतो. अवकाळीसाठी ताडपत्री हाताशी ठेवा. नवखा हात आणि एक गवंडी मिळून दिवसाला 12–15 घनफूट होतं, म्हणजे 55–65 कामाचे दिवस. छप्पर हलकं घ्या, लाकडी वासे आणि कौलं, किंवा पत्रा. स्लॅब टाकायचा असेल तर दगडी भिंतीचा हट्ट सोडा.

खर्चाचा आकडा देत नाही. दगड, वाळू आणि कळीचे भाव दोन-तीन ठिकाणी विचारून वरच्या मापांना गुणा. खरा फरक घडाईत पडतो, तोंडाचा दगड चारी कडा टाकीने काढून हवा की नुसता हातोडीने तोडलेला चालेल, ते आधी ठरवा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. महापालिकेची परवानगी लागतेच, एका खोलीलाही. घर वारसा यादीत आहे का ते पाहा, असेल तर वेगळी मान्यता. भिंत शेजाऱ्यासोबत सामाईक असेल किंवा भाडेकरू असतील तर लेखी संमती आधी. पुणे भूकंपाच्या झोन 3 मध्ये धरलं जातं, म्हणून पाया आणि पट्टे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. आणि अशा इंजिनिअरकडून, ज्याने चुन्याचं काम प्रत्यक्ष केलं आहे. हे सगळं तळमजल्यापुरतं आहे, वर मजला चढवायचा विचार असेल तर हा हिशेब लागू नाही. दगड फोडताना गॉगल आणि धुळीचा मास्क, कळी विरवताना रबरी हातमोजे आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली. डोळ्यात चुना गेला तर सलग पंधरा-वीस मिनिटं धुऊन थेट डॉक्टरांकडे. एक घनफूट काळा दगड 80 किलो भरतो, तो एकट्याने उचलायचा नाही.

या आठवड्यात मागच्या अंगणात तो दोन बाय दोनचा खड्डा घ्या. किती फुटांवर मुरूम लागला ते इथे लिहा, मग पायाचं माप सांगतो.