थैली कोळी की खोळकोळी?

प्रश्न असा आला: निसर्गसहलीतल्या एका फलकावर सॅक स्पायडरसाठी ‘थैली कोळी’ असं लिहिलेलं पाहिलं. शब्द बरोबर आहे का? आणि ही थैली असते कुठे, पोटाला की पाठीला?

दोन्हीकडे नसते, म्हणून तर शब्द खटकतो. थैली आपण बाळगतो, कमरेला खोचतो, सत्कारात अर्पण करतो. फार साठली की थैलीशहा होतो. कोळ्यांमध्ये थैली बाळगणारी शोधायचीच तर ती लांडगा कोळ्याची मादी. अंड्यांची गोळी मागे चिकटवून हिंडत असते. सॅक स्पायडर मात्र स्वतःच थैलीत शिरतो. लिंबाचं मुडपलेलं पान हलकेच उघडून पाहा. नशीब असेल तर आत रेशमाचा दाट पांढरा पापुद्रा आणि त्यात फिकट पिवळा कोळी, जबड्यांची टोकं काळपट. दिवसा आत मुक्काम, रात्री शिकार. सावज पकडायला हा जाळं विणत नाही, त्यामुळे कोळिष्टक, जळमट वगैरे शब्द बाद.

‘कोश’ चालला असता. पण रेशमाचा किडा कोशातून एकदा बाहेर पडला की परततो कशाला? इथे रोजची ये-जा.

माझं मत ‘खोळ’ला. उशीची खोळ, गादीची खोळ; आणि पावसात शेतावर निघताना पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावरून घेतात, तीही खोळच. थैली धरायची, खोळीत शिरायचं. ‘खोळकोळी’ म्हणताना जीभ अडखळते, कबूल.

जपानमधल्या एका जातीची मादी गवताचं लांब पान दुमडून, रेशमाने शिवून आत बसते. पातोळीच म्हणा, सारण ती स्वतः. हे नुसतं शब्दांचं नाही: पिल्लं पहिली कात टाकली की आईलाच खातात.

एक सावधगिरी. सॅक स्पायडर हे एकाच कुळाचं नाव नव्हे. क्लुबिओनिडी कुळात जगभरच्या सहाशेहून जास्त जाती आहेत. वरचा पिवळा कोळी, चेइराकँथियम, पूर्वी त्यांच्यातच धरत. आता त्याचं कुळ वेगळं, तिथेही तीनशेच्या वर जाती. (नावाचा ग्रीक अर्थ हात आणि काटा.) दोन्ही कुळं भारतात आहेत आणि खोळ दोघांनाही बसते.

२०११ मध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्या या पिवळ्या मंडळींमुळे. काही गाड्यांत पेट्रोलच्या टाकीच्या हवानळीत त्यांचं रेशीम सापडलं होतं. इंग्रजी बातम्यांनी त्याला ‘वेब’ म्हटलं. मराठीत ‘जाळं’ लिहायचा मोह होईल, पण नळीत शिरून अंगाभोवती विणलेलं ते. मी तरी खोळच लिहीन.